वाट न सोडता: माटुंग्यातल्या एका ट्रेल ओरिएंटिअरिंगचं प्रकरण

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या एकाचा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. घाटकोपरला राहतो, कॉलेजात शिकतो आणि नकाशांचं त्याला वेड आहे. कोणत्या घाटवाटेने कुठे उतरता येईल हे तो घरी बसून नकाशावर शोधतो आणि दादा ते चालून येतो. एकदा त्याने ग्रुपवर थेट विचारलं, "नकाशा वाचायच्या स्पर्धा असतात ना? मला त्यात तुमच्यासारखंच उतरता येईल का?"

येतं. आणि त्यात कुणी त्याला सवलत देत नाही. ओरिएंटिअरिंग म्हटलं की नकाशा नि होकायंत्र घेऊन जंगलात धावणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. पण 1961 मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग महासंघ या खेळाचे चार प्रकार चालवतो: पायी, सायकलवर, स्कीवर आणि ट्रेल. ट्रेलमध्ये धावणं नाहीच. सगळ्यांनी आखलेल्या वाटेवरच राहायचं, वाट सोडली की बाद. वाटेत ठरावीक ठिकाणी थांबून समोर बघायचं. अशा प्रत्येक ठिकाणाला कंट्रोल म्हणतात. तिथे काही अंतरावर पांढरे-नारिंगी झेंडे लावलेले असतात, कधी तीन, कधी पाच. डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई. नकाशावर एक वर्तुळ असतं आणि त्याच्या केंद्रात नेमकी एक खूण: एखादं झाड, कुंपणाचा कोपरा, टेकाडाचं नाक. सोबत वर्णन असतं, जसं 'झाड, पूर्व बाजू'. यातला कोणता झेंडा नेमका त्या जागी आहे, एवढं ओळखायचं. काही वेळा एकही झेंडा बरोबर नसतो, तेव्हा उत्तर 'झिरो'.

चालण्याचा वेग मोजला जात नाही. एकूण वेळेची मर्यादा असते, पण गुण फक्त बरोबर उत्तरांना. बरोबरी फोडण्यासाठी एखाद-दोन ठिकाणी घड्याळ लावून उत्तर घेतात आणि तिथे सगळ्यांना खुर्चीवर बसवतात, म्हणजे प्रत्येकाचे डोळे साधारण एकाच उंचीवर येतात. व्हीलचेअर ढकलायला मदतनीस चालतो, पण उत्तराबद्दल त्याने चकार शब्द काढायचा नाही. खुल्या गटात वय, लिंग, शारीरिक क्षमता असा कुठलाच भेद नाही. कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळा गट असतो, मात्र मार्ग आणि प्रश्न तेच. पहिली जागतिक ट्रेल अजिंक्यपद स्पर्धा 2004 मध्ये स्वीडनमधल्या वेस्टेरोसला झाली, पुढच्याच वर्षी ती जपानमध्ये आली. हे सगळं वाचून तो मुलगा म्हणाला, "मग मुंबईत कुठे?"

शोधाशोध

इथे पहिली अडचण आली. इंटरनेटवर 'ट्रेल' आणि 'मुंबई' एकत्र शोधलं की डोंगरात पळायच्या शर्यती समोर येतात. महासंघाच्या वेळापत्रकात ट्रेल प्रकार निवडून बघितला तर बहुतेक कार्यक्रम युरोपातले. आपल्याकडे सैन्यदलांत आणि एनसीसीत नकाशावाचन शिकवतात, त्यामुळे या खेळाची ओळख असलेली माणसं भेटतात, पण त्यांचा अनुभव पायी प्रकाराचा. त्या हंगामात मुंबईत नवख्यांसाठी ट्रेलचा एकही कार्यक्रम आम्हाला सापडला नाही.

तरी शोध वाया गेला नाही. परदेशातल्या कार्यक्रमांची माहितीपत्रकं वाचून नवख्याने आयोजकाला काय विचारावं हे आम्हाला कळलं. वाट कशाची आहे: डांबर, फरसबंदी की माती? किती रुंद, किती चढ? बसून सगळे झेंडे दिसतात का? व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह किती लांब आहे? 'झिरो' उत्तर वापरलंय का, आणि नवख्यांचा मार्ग वेगळा आहे का? आयोजकाकडून याची उत्तरं लगेच आली तर नवख्याने निर्धास्त जावं. "या तुम्ही, बघू काहीतरी" असं आलं तर मी कुणाला घेऊन जाणार नाही. दादर, मुलुंड, बोरिवली कुठलाही ग्रुप पायी ओरिएंटिअरिंग भरवत असेल तर त्यांना हेच प्रश्न विचारता येतात. ज्यांच्याकडे चांगला नकाशा आधीच तयार आहे त्यांना त्याच ठिकाणी ट्रेलचे चार-पाच कंट्रोल लावणं अवघड नसतं.

आमच्याकडे नकाशाही नव्हता. मग ठरलं, आपणच भरवू. मार्ग आखायचं काम ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने घेतलं. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलनिर्देशक नकाशांवरून मुलांना दऱ्या-डोंगर ओळखायला लावले. गुडघ्यांमुळे त्यांचं गड चढणं थांबलंय. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो.

जागा

सगळ्यांचं पहिलं मत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला होतं. साधारण 104 चौरस किलोमीटरचं जंगल, गेटपासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता. तिथे बिबट्यांचा वावर आहे, वाट सोडून आत शिरणं तसंही चालत नाही. वाट न सोडता खेळायचा खेळ आणि वाट सोडू न देणारं जंगल, जोडी उत्तमच. पण रस्त्याला चढ आहे, नकाशासाठी लागणारं मोजमाप मोठं आहे आणि वन विभागाच्या परवानगीसाठी हातात वेळ हवा. पहिल्याच खेपेला एवढं अंगावर घेऊ नये असं बाईंचं म्हणणं पडलं आणि ते पटलं.

धारावी आणि माहीमच्या मधे मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. कचरा टाकायच्या जमिनीवर वाढवलेलं सुमारे 37 एकरांचं हे रान. माझं स्वतःचं अतिशय आवडतं ठिकाण. पण झाडी इतकी दाट की तीस-चाळीस मीटरवरचे तीन झेंडे एकाच जागेवरून स्वच्छ दिसतील असे कोपरे कमी. शिवाजी पार्कचं उलटं: मधलं मैदान मोकळं, कडेने झाडं, प्रश्न विचारावा अशा खुणाच थोड्या. राणीच्या बागेत रविवारची गर्दी.

शेवटी माटुंग्याच्या बाजूची महापालिकेची एक मध्यम बाग ठरली. जमीन सपाट, वाटा फरसबंद, जुनी मोठी झाडं, मधे हिरवळ, काही बाक, एक छोटी टाकी, मेंदीची कुंपणं. सपाट जमिनीत टेकाड-घळीचे प्रश्न विचारता येत नाहीत, हा तोटा होताच. पण पहिल्यांदा नकाशा हातात घेणाऱ्याला समोच्च रेषांनी घाबरवण्यापेक्षा झाड, कोपरा आणि तिठा यांवर सुरुवात केलेली बरी.

विभाग कार्यालयात उद्यान खात्याकडे अर्ज दिला, स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र दिलं. तिथे मुख्य तीन गोष्टी विचारल्या गेल्या: खणणार का, भोंगा लावणार का, बॅनर लावणार का? तिन्हींना नाही म्हणता आलं, त्यामुळे काम सोपं झालं. झेंडे जमिनीत रोवायचेच नाहीत असं ठरलं. रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यात काठ्या उभ्या केल्या. झेंडे दादरच्या शिंप्याकडून शिवून घेतले, नियमाप्रमाणे 30 सेंटिमीटर बाजूचे, प्रत्येक झेंडा अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी.

नकाशा

ट्रेलमध्ये सगळा न्याय नकाशाच्या अचूकपणावर उभा असतो. धावणाऱ्याला झाड दोन मीटर इकडे-तिकडे असलं तरी ते सापडतं. इथे दोन झेंड्यांमधलं अंतरच चार मीटर असू शकतं, तेव्हा नकाशातली दोन मीटरची चूक म्हणजे प्रश्नच खोटा. मोबाइलचा जीपीएस मोठ्या झाडांखाली पाच मीटर सहज भरकटतो. उपग्रहाच्या चित्रात पर्जन्यवृक्षाचा घेर दिसतो, खोड दिसत नाही. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवरून वाटांचा सांगाडा घेतला आणि बाकी सगळं मोजपट्टी नि होकायंत्राने केलं: एका पक्क्या कोपऱ्यापासून प्रत्येक खोडापर्यंतचं अंतर आणि दिशा. रेखाटन ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलं, मार्ग पर्पल पेनमध्ये आखला, तेही मोफत. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीचे नियम सैल केल्यापासून असा नकाशा करायला आपल्याकडे पूर्वपरवानगीची अट उरलेली नाही. ड्रोनचा विचारही केला नाही. विमानतळाच्या शहरात ते वेगळंच प्रकरण आहे.

शहरी नकाशांचं नेहमीचं प्रमाण 1:4000. आम्ही तोच नकाशा मोठा करून 1:2000 वर छापला, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दोन मीटर. नवख्यांच्या डोळ्यांना हे सोपं जातं आणि वय झालेल्यांनाही. वर्णनांची आंतरराष्ट्रीय चिन्हं ठेवली, पण शेजारी मराठीत लिहिलं: 'कुंपणाचा आग्नेय कोपरा', 'दोन झाडांच्या मधोमध'.

होकायंत्राबद्दल एक गोष्ट नवख्यांना आधीच सांगायला हवी. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे हिशेब करावा लागत नाही. पण बागेची लोखंडी जाळी, उभी मोटार आणि व्हीलचेअरची स्टीलची चौकट सुईला खेचतात. होकायंत्र मांडीवर ठेवून वाचलं तर काटा सरकतो. हात लांब करून वाचावं.

पाचवा कंट्रोल

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाईंनी नऊ कंट्रोल आखले आणि दहावा घड्याळाचा. कार्यक्रमाच्या आधीच्या एका सकाळी झेंडे तात्पुरते मांडून तपासणी होती. तपासायला तो घाटकोपरचा मुलगा आला. पाचव्या कंट्रोलवर एका ओळीतल्या झाडांमध्ये पाच झेंडे होते आणि बरोबर उत्तर डी. त्याने नकाशा नीट वाचला, झाडं मोजली आणि सी लिहिलं.

बाई म्हणाल्या, "नीट बघ रे, तू एक झाड सोडलंयस."

"झाड नाही सोडलं बाई. झेंडेच चार आहेत."

"पाच आहेत."

"मला चारच दिसतायत. तुम्ही इथे खाली बसून बघा ना."

बाईंना खाली बसणं जमणार नव्हतं. माळ्याने त्याच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. त्या बसल्या आणि त्यांनाही चारच दिसले. दुसरा झेंडा मेंदीच्या कुंपणामागे पूर्ण झाकला जात होता. उभ्या माणसाचे डोळे दीड मीटरच्या वर, बसलेल्याचे सव्वा मीटरच्या खाली. कुंपण नेमकं त्या दोन उंचींच्या मधे कातरलेलं.

बसणाऱ्याला एक झेंडा दिसत नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. अक्षरं डावीकडून मोजतात. मधला एक झेंडा गायब झाला की पुढची सगळी अक्षरं एकेक घर मागे सरकतात. त्या मुलाने अचूक झेंडा ओळखला होता. त्याच्या जागेवरून त्या झेंड्याचं नावच सी होतं. स्पर्धेत त्याचा गुण गेला असता, आणि त्याने जाऊन तक्रार केली असती तर उभ्या असलेल्या प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की झेंडे पाच आहेत. बसलेल्या स्पर्धकाला सगळे झेंडे दिसलेच पाहिजेत, असा या खेळाचा नियम आहे. तो नियम आम्ही सगळ्यांनी वाचलेला होता. पण आखणारा उभा असला की डोळे उभ्याचंच बघतात.

उपाय काय, यावर बराच खल झाला. माळी कुंपण छाटायला तयार होता, पण आपल्या खेळासाठी सार्वजनिक बागेचं झाड कापणं बाईंना मुळीच मान्य नव्हतं. झेंडा उंच काठीवर लावता आला असता, पण मग एकच झेंडा वेगळा उठून दिसला असता, आणि झेंडा जमिनीवर नेमका कुठे आहे हे जोखणं कठीण झालं असतं. बघायची जागा वाटेवर थोडी पुढे नेऊन पाहिली, तर तिथून दोन झेंडे एकामागे एक येत होते. अखेरीस बाईंनी तो झेंडा काढला, आणखी एक काढला आणि तीन झेंड्यांचा प्रश्न केला. सोपा झाला का? झाला. नवख्यांच्या मार्गाला ते शोभलंही. दोन झाडांमधला फरक ओळखणं हाच तिथला प्रश्न होता, पाच झेंड्यांची रांग त्यात भर घालत नव्हती.

त्यानंतर बाईंनी ती प्लास्टिकची खुर्ची प्रत्येक कंट्रोलवर नेऊन, बसून पुन्हा तपासणी केली. आणखी एका ठिकाणी बाकाची पाठ मधे येत होती. तेही सुधारलं. माझं ठाम मत आहे की नवख्यांसाठी ट्रेल भरवणाऱ्याने मार्ग आधी बसून आखावा आणि नंतर उभं राहून तपासावा, उलट नको. उभ्याला जे दिसतं ते बसलेल्याला दिसेलच असं नाही. बसलेल्याला जे दिसतं ते उभ्याला बहुधा दिसतंच. अपवाद एकच, खाली वाकलेल्या फांद्या. त्यासाठी ती दुसरी, उभ्याने केलेली तपासणी लागते.

त्याच सकाळी दुसरी गोष्टही लक्षात आली. मुख्य फाटकात दुचाकी येऊ नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळ होते की व्हीलचेअर अडकत होती. बाजूचं मोठं फाटक कुलूपबंद असतं. माळ्याशी बोलून ते कार्यक्रमाच्या वेळी उघडं ठेवायचं ठरलं आणि निमंत्रणात त्याचाच पत्ता दिला. हे तपासणीत कळलं नसतं तर नऊही कंट्रोल निर्दोष असून उपयोग नव्हता.

कार्यक्रम

डिसेंबरातला रविवार. पावसाळ्यात इथे नकाशातली हिरवळ आणि जमिनीवरचं रान जुळत नाही, आणि मार्चपासून उन्हात थांबून बघणं नको होतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. झेंडे आदल्या रात्री ठेवायची सोय नव्हती, ते पहाटे मोजून मांडले. प्रत्येक झेंड्याची जवळच्या दोन खोडांपासूनची अंतरं कागदावर तयार होती, त्यामुळे मांडणी पटपट झाली. सुरुवात मुद्दाम साडेनऊला ठेवली, सकाळी चालणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. दर तीन कंट्रोलमागे एक स्वयंसेवक उभा होता, कारण लहान मुलांना झेंडा दिसला की तो उचलावासा वाटतोच.

चाळीसेक लोक आले. ट्रेकिंगवाले, बाईंचे जुने विद्यार्थी आपापल्या मुलांना घेऊन, कुबड्या वापरणारे दोघे, व्हीलचेअरवर घाटकोपरच्या मुलाशिवाय आणखी एक ताई, आणि रोज त्या बागेत फिरणारे दोन आजोबा, जे सहज चौकशीला थांबले आणि नाव देऊन गेले.

खरं तर स्पर्धेत मार्गावर बोलायचं नसतं. पण नवख्याला नकाशा हातात देऊन एकदम गप्प केलं तर तो बावरतो. म्हणून पहिले दोन कंट्रोल सरावाचे ठेवले. तिथे स्वयंसेवक शेजारी उभा राहून नकाशा उत्तरेला कसा लावायचा, वर्तुळाचं केंद्र कसं वाचायचं हे दाखवत होता. तिसऱ्यापासून पुढे शांतता. 'झिरो' उत्तर आम्ही वापरलंच नाही. 'यातलं काहीच नाही' असं म्हणायला स्वतःवर भरवसा लागतो, आणि तो पहिल्या दिवशी नसतो. घड्याळाच्या कंट्रोलवर सगळे खुर्चीवर बसले, नकाशा मिळाल्यावर 30 सेकंद. तिथे बी, डी, ई ही अक्षरं ऐकताना घोळ होतो, म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे अल्फा, ब्राव्हो, चार्ली असंच म्हणायला लावलं. ज्यांना बोलायला वेळ लागतो त्यांनी पाटीवरच्या अक्षरावर बोट ठेवलं तरी चालतं.

सह्याद्री पालथा घातलेले आमचे दोन गडी गुणांत मधेच राहिले. त्यांना जागेवर जाऊन खात्री करायची सवय, आणि इथे जाता येत नाही. सातवीतल्या एका मुलीने मात्र नऊपैकी आठ बरोबर दिले. ती प्रत्येक ठिकाणी वाटेवर थोडी मागे-पुढे जाऊन दोन कोनांतून बघत होती. हे नियमात बसतं, आणि हीच या खेळातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट आहे: एका जागेवरून दोन झाडांमधलं अंतर कळत नाही, चार पावलं सरकलं की कळतं.

सातव्या कंट्रोलवरून वाद झालाच. वर्णन होतं 'दोन झाडांच्या मधोमध'. एका आजोबांचं म्हणणं, ए झेंडाही दोन झाडांच्या मधेच आहे. मोठ्या स्पर्धांत यासाठी तक्रार, मग परीक्षक मंडळ अशी रीत असते. आम्ही शेवटच्या माणसाचं कार्ड आल्यावर सगळ्यांना घेऊन मार्ग पुन्हा फिरलो, या वेळी उत्तरांचा नकाशा हातात देऊन. सातव्यावर बाईंनी आजोबांच्या हातात मोजपट्टीचं एक टोक दिलं. ए एका झाडापासून दीड मीटर, दुसऱ्यापासून साडेतीन. सी दोन्हींपासून सारखा. आजोबांनी स्वतः मोजलं आणि म्हणाले, "मधे आणि मधोमध, बरोबर." कार्यक्रमात लोक सर्वांत जास्त बोलले, हसले, भांडले ते या फेरीत. पुढच्या वेळी या फेरीला पूर्ण तास ठेवायचा आहे. नवख्याला गुण किती यापेक्षा आपण का चुकलो हे जागेवर उभं राहून कळणं जास्त मोलाचं वाटतं, आणि त्यासाठीच तो परत येतो.

पुढे

दुसऱ्या कार्यक्रमाची तयारी सुरू आहे, त्याच बागेत, नव्या कंट्रोलांसह. पाचव्या ठिकाणची कुंपणाजवळची जागा या वेळी वापरायची नाही, कारण मेंदी किती वाढलेली असेल हे आपल्या हातात नाही. एका कंट्रोलवर 'झिरो' येणार आहे, पण ज्यांनी पहिला कार्यक्रम केलाय त्यांच्याच मार्गावर. बोरिवलीसाठी वन विभागाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा झाला आहे. तिथे कान्हेरीच्या रस्त्यावरचा सपाट भाग किती आणि चढ किती हे आधी मोजायचं आहे. ते काम घाटकोपरच्या मुलाने मागून घेतलंय. व्हीलचेअर कुठपर्यंत एकट्याने जाते आणि कुठे मदतनीस लागतो याची नोंद तो आणि त्याचा दादा मिळून करणार आहेत, आणि ती नोंद हातात आल्याशिवाय बाई एकही कंट्रोल आखणार नाहीत.